हवाई छायाचित्रणाच्या विमानावर वैमानिकाची नोकरी स्वीकारावी का?

पाथर्डी फाटा (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकची आहे. गेल्या वर्षी धुळ्याला उड्डाणाचे तास पूर्ण करून मी कमर्शियल पायलट लायसन्स मिळवले. माझ्या लॉगबुकात आज २१५ तास आहेत. प्रवासी विमान कंपन्यांच्या भरतीची वाट पाहत घरी बसले असताना हवाई सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीकडून मला विचारणा झाली आहे. पोटाला कॅमेरा बसवलेले एक इंजिनाचे छोटे विमान आहे. पहिले काही आठवडे अनुभवी वैमानिकासोबत आणि त्यानंतर फक्त कॅमेरा ऑपरेटरला सोबत घेऊन उडायचे आहे. हंगाम ऑक्टोबर ते मे असा असून कामाचे ठिकाण दर काही आठवड्यांनी बदलेल, त्यात काही काम नाशिक आणि नगर जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावर आहे.

आई-बाबांना हे पटलेले नाही. त्यांच्या मते फोटो काढणाऱ्या विमानात दोन वर्षे घालवली तर मोठ्या विमानापर्यंत मी पोहोचणारच नाही आणि शिवाय आता ही कामे ड्रोन करू लागले आहेत. मला मात्र हे काम खुणावते आहे, पण ते नेमके कसे असते हे सांगणारे ओळखीत कोणीच नाही. दिवसभर सरळ रेषेत उडण्यात वैमानिक म्हणून काही शिकायला मिळते का? धोका कुठे असतो? करार करण्यापूर्वी काय विचारून घ्यावे? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रेषेवरचा वैमानिक

मी सोळा वर्षे हे काम केले आणि आता निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहतो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

प्रवासी विमानाचा वैमानिक एका गावाहून निघतो आणि दुसऱ्या गावाला पोहोचतो. वाटेत वाऱ्यामुळे किंवा ढगांमुळे मार्ग थोडा बदलला तरी पोहोचणे महत्त्वाचे. आपल्या कामात पोहोचायचे कुठेच नसते. ज्या धावपट्टीवरून उडालो तिथेच चार तासांनी उतरायचे असते आणि मधल्या वेळात जमिनीवर आखलेल्या समांतर रेषांवरून, ठरलेल्या उंचीवर, पंख सपाट ठेवून उडायचे असते. शेतकरी जसा तासाला तास लावून नांगरत जातो, तशीच ही आकाशातली नांगरट आहे. एक तास वाकडा गेला तर मधली जमीन पडीक राहते, आणि आपली रेषा वाकडी गेली तर तेवढा भूभाग नकाशातून गळतो. दोन लागोपाठच्या छायाचित्रांत साधारण ६० टक्के भाग समान यावा लागतो आणि शेजारच्या दोन रेषांमध्ये साधारण ३० टक्के. हा सामायिक भाग हाच सगळ्या कामाचा प्राण आहे.

सरळ उडणे सोपे वाटते, पण ते तसे नाही. समजा तुम्ही १२० नॉट (ताशी सुमारे २२२ किलोमीटर) वेगाने चालला आहात आणि २० नॉटचा वारा बरोबर आडवा येतो आहे. रेषेवर राहण्यासाठी विमानाचे नाक जवळजवळ १० अंश वाऱ्याकडे वळवून, खेकड्यासारखे तिरके उडावे लागते. हा तिरकेपणा कॅमेऱ्याच्या माउंटमध्ये, म्हणजे तो बसवलेल्या बैठकीत, भरून काढता येतो, परंतु तो स्थिर असला तर. वारा दर मिनिटाला बदलत असेल आणि वैमानिक प्रत्येक झुळकीला रडर (शेपटीचे सुकाणू) मारत असेल, तर ऑपरेटरने काय काय सांभाळायचे? चांगला वैमानिक दुरुस्ती फार लहान आणि फार लवकर करतो. समोरच्या पडद्यावर रेषेपासूनचे अंतर मीटरमध्ये दिसत असते. ते आकडे पाहून नव्हे, तर ते आकडे बदलण्याची गती पाहून उडायला शिकायला मला एक पूर्ण हंगाम लागला.

वळणाचाही हिशेब समजून घ्या. बैलजोडी वळवायला बांधाशी जागा लागते तशी आपल्यालाही लागते. विमानाचे अचूक स्थान सांगणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल पंखाआड जाऊ नयेत म्हणून वळताना विमान फार कलवायचे नसते. १५ अंश कलवून १२० नॉटवर वळलात तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे दीड किलोमीटर भरते, म्हणजे पूर्ण वळून आल्यावर तुम्ही मूळ रेषेपासून ३ किलोमीटर दूर असता. पुढची रेषा मात्र एकाच किलोमीटरवर असते. मग एक तर थेंबाच्या आकाराचे मोठे वळण घ्यायचे किंवा मधल्या दोन रेषा सोडून तिसरी धरायची आणि सोडलेल्या नंतर पूर्ण करायच्या. २० किलोमीटरची रेषा साडेपाच मिनिटांत संपते आणि वळणात तीन मिनिटे जातात. त्यामुळे रेषा लांब ठेवण्याचा आग्रह धरणारा नियोजक भेटला तर त्याचे ऐका.

बाकी वेळ आकाशाची वाट पाहण्यात जातो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांच्या वर आल्याशिवाय सावल्या फार लांब पडतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात आपल्या नाशिकला तो साधारण पावणेदहाला एवढा वर येतो आणि सव्वातीनच्या पुढे पुन्हा खाली जातो. त्यातही दुपारी जमीन तापली की हवा उसळू लागते. खाली ढग नकोत आणि विमानाच्या वर असले तरी त्यांची सावली जमिनीवर नको. पावसाळा संपल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आपल्याकडचे सोन्याचे दिवस. पावसाने हवा धुतलेली असते आणि ब्रह्मगिरीच्या कड्यावरची प्रत्येक भेग वरून स्पष्ट दिसते. एप्रिल-मेमध्ये धुरकटपणा इतका वाढतो की जमिनीवरून निरभ्र वाटणारे आकाश वरून दुधाळ दिसते.

अशाच एका मे महिन्यात मी चूक केली. काम आठ दिवस रखडले होते, कंपनीकडून रोज फोन येत होते आणि सकाळी उड्डाण केल्यावर मला स्पष्ट दिसत होते की आज छायाचित्रे चांगली येणार नाहीत. तरीही मी उतरलो नाही. तीन दिवस आम्ही सगळ्या रेषा उडलो. त्यातल्या जवळजवळ सगळ्या नाकारल्या गेल्या आणि पावसाळ्यानंतर पुन्हा उडाव्या लागल्या. इंधन गेले, इंजिनाचे तास गेले, पण मला आजही टोचते ते वेगळेच: ऑपरेटर पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता की परत जाऊ या, आणि मी त्याचे ऐकले नव्हते. हे काम तुम्हाला काय शिकवेल, असे विचाराल तर माझे उत्तर हेच आहे की सगळे जण उडा म्हणत असताना ‘आज नाही’ असे म्हणायला ते शिकवते. मोठ्या विमानातही याच्यापेक्षा मोलाची गोष्ट कोणी शिकवत नाही.

परवानग्यांचे सांगतो. उडत्या विमानातून परवानगीशिवाय छायाचित्रण करण्यास १९३७ च्या विमान नियमांतील १३ व्या नियमाने मनाई केलेली होती आणि पूर्वपरवानगीची ती शिस्त आपल्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे खुली केल्यामुळे नकाशे तयार करणे बरेच सोपे झाले, तरी विमान घेऊन वर जाण्याची परवानगी त्यामुळे माफ झालेली नाही. नाशिकला तर हे अधिकच लागू आहे. ओझरचा विमानतळ एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा), गांधीनगरला लष्कराच्या स्वतःच्या वैमानिकांचे (आर्मी एव्हिएशनचे) प्रशिक्षण चालते, देवळालीला तोफखान्याचा सराव चालतो आणि नाशिक रोडला नोटांचा छापखाना आहे. रोज सकाळी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना) वाचल्याशिवाय आणि हवाई वाहतूक नियंत्रणाला रेषांचा नकाशा आधी दिल्याशिवाय इथे एकही दिवस काम होत नाही. कागद कंपनी आणते हे खरे, पण परवानगीतील क्षेत्र, उंची आणि तारखा वैमानिकाने स्वतः वाचाव्यात.

स्टिरिओ

मी वैमानिक नाही. हवाई छायाचित्रांपासून नकाशे बनवण्याच्या कामात मी अकरा वर्षे आहे, म्हणजे वैमानिकाने केलेल्या प्रत्येक चुकीचा शेवटचा मुक्काम माझ्या टेबलावर असतो. वर काकांनी रेषांबद्दल लिहिले आहे. त्यात घाटमाथ्याचा मुद्दा जोडतो, कारण ताईंचे काम तिथेच आहे.

एकच जागा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपलेली असली, तरच तिची उंची काढता येते, जसे आपल्याला दोन डोळ्यांमुळे खोली कळते. म्हणून ६० टक्क्यांचा आग्रह असतो. आता असे समजा की समुद्रसपाटीपासून ३००० मीटर उंचीवरून तुम्ही उडत आहात. नाशिकच्या पठाराची उंची ६०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे जमिनीपासून तुम्ही २४०० मीटर वर आहात आणि सगळी आखणी त्या हिशेबाने केलेली आहे. आता तीच रेषा कळसूबाईवरून जाऊ द्या. शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजे तिथे तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये फक्त १३५४ मीटर उरतात. छायाचित्रात मावणाऱ्या जमिनीची रुंदी पठारावरच्या तुलनेत ५६ टक्क्यांवर येते. लागोपाठच्या छायाचित्रांतला समान भाग ६० वरून २९ टक्क्यांवर घसरतो, म्हणजे प्रत्येक जागा दोनदा टिपली जाण्याची खात्री संपते. शेजारच्या दोन रेषांमध्ये तर सामायिक पट्टा उरतच नाही. मध्ये चक्क फट पडते. नेमके महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर नकाशात भोक होऊन बसते.

यावरचा उपाय नियोजकाने करायचा असतो. घाटाचा पट्टा वेगळा काढून तिथे जास्त उंचीवरून उडायचे किंवा रेषा जवळ आणून छायाचित्रे लवकर लवकर घ्यायची. परंतु नियोजक कार्यालयात बसलेला असतो आणि डोंगर तुमच्या समोर असतो. म्हणून कामाला निघण्यापूर्वी सर्वोच्च ठिकाणांच्या उंचीची यादी मागून घ्या आणि ती आखणीत धरली आहे का ते विचारा. शिखर जवळ दिसले म्हणून रेषेच्या मध्येच आपल्या मनाने उंची वाढवू नका. सुरक्षिततेसाठी वाढवावीच लागली तर वाढवा, पण त्याच क्षणी ऑपरेटरला सांगा आणि ती रेषा रद्द धरा. न सांगता केलेली दुरुस्ती आम्हाला तीन महिन्यांनी सापडते, तेव्हा विमान दुसऱ्या राज्यात गेलेले असते.

आणखी एक आकडा. १२० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ मीटर. सेकंदाच्या पाचशेव्या भागात विमान १२ सेंटीमीटर पुढे सरकते. ही पुढची सरक आजचे कॅमेरे भरून काढतात आणि जायरोवर तोललेला माउंट लहान हेलकावेही सोसतो, पण घाटाच्या कडेला वारा वर उसळताना बसणारा धक्का दोघांनाही पेलत नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील कडे सकाळी सावलीत असतात हेही लक्षात ठेवा. कोकणाकडची बाजू माध्यान्हीला उडावी आणि पठार सकाळी आटोपावे, अशी विभागणी केलेली छायाचित्रे पाहताना मला त्या वैमानिकाबद्दल मनापासून आदर वाटतो. त्याने कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर खालच्या जमिनीचा विचार करून दिवस आखलेला असतो, आणि ते आम्हाला कळते.

निफाडचा ड्रोनचालक

ड्रोनमुळे विमानाचे काम संपेल, ही भीती मला निराधार वाटते. मी स्वामित्व योजनेत, म्हणजे गावठाणातील घरांच्या मालकीची नोंद करणाऱ्या केंद्राच्या योजनेत, गावठाणांचे सर्वेक्षण केले आहे. त्या वेळी गावकरी आणि ग्रामसेवक आदल्या दिवशी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वरून त्या टिपत असू. गावठाण, द्राक्षाची बाग, खाण, रस्त्याचा एखादा टप्पा, यासाठी ड्रोनला तोड नाही. पण आम्ही साधारणतः १२० मीटरच्या खाली असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी बदलावी लागते. नाशिक जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे. एक किलोमीटर अंतराच्या रेषांनी तो सगळा टिपायचा म्हटले तर विमानाला, वळणे सोडून, सुमारे ७० तास उडावे लागेल. आम्हाला किती वर्षे लागतील याचा विचारही करवत नाही.

ताईंना सुचवावेसे वाटते की फावल्या पावसाळ्यात ड्रोनचे रिमोट पायलट प्रमाणपत्रही घ्यावे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे १८ ते ६५ वयाच्या दहावी उत्तीर्ण व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन ते मिळते. विमानाच्या आणि ड्रोनच्या दोन्ही बाजू ठाऊक असलेली माणसे या क्षेत्रात मी फार थोडी पाहिली आहेत. मात्र ओझर, गांधीनगर आणि देवळालीच्या परिसरात उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून विभाग पाहावा. शहराजवळ ‘आपलेच शेत आहे’ एवढे कारण पुरत नाही.

पाथर्डी फाटा

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. स्टिरिओ यांचे कळसूबाईचे गणित मी कागदावर स्वतः करून पाहिले आणि ते तंतोतंत जुळले. काल बाबांनाही ते दाखवले. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि एवढेच विचारले की उंच डोंगरांच्या इतक्या जवळ, खाली पाहत उडणे सुरक्षित आहे का. त्यांचा खरा प्रश्न हाच होता, हे मला तेव्हा कळले. काका, धोक्याबद्दल आपण फारसे लिहिले नाही. करारात पावसाळ्याच्या महिन्यांच्या पगाराबद्दलही स्पष्ट उल्लेख नाही, त्याबद्दलही मार्गदर्शन करावे.

रेषेवरचा वैमानिक

तुमच्या बाबांनी बरोबर जागी बोट ठेवले आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवे होते.

या कामातला मोठा धोका डोंगराचा नाही, लक्ष एकाच जागी गुंतण्याचा आहे. चार तास पडद्यावरची एक रेष पाहत राहिल्यावर माणसाला तीच खरी वाटू लागते आणि बाहेरचे आकाश, वेग, इंधन, समोरून येणारे दुसरे विमान हे सगळे पुसट होते. हे सर्वाधिक घडते वळणावर. रेषा चुकेल असे वाटले की हात आपोआप विमान जास्त कलवतो. विमानाची उंची टिकवून ३० अंश कलवले तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल सुटते तो) ७ टक्के वाढतो, ४५ अंशांवर १९ टक्के आणि ६० अंशांवर ४१ टक्के. आकडे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेच असतील. माझ्या दुसऱ्या हंगामात एका वळणावर स्टॉलचा भोंगा वाजला, तेव्हा माझी नजर वेगदर्शकावर नव्हती, पुढच्या रेषेच्या सुरुवातीवर होती. खाली उंची भरपूर होती म्हणून निभावले. त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: वळणात पडद्याकडे पाहायचे नाही. रेषा चुकली तर चुकू द्यावी, सोडून द्यावी आणि परत येऊन धरावी. चुकलेल्या रेषेची किंमत दहा मिनिटांचे इंधन एवढीच असते. पहिल्याच दिवशी ऑपरेटरशीही बोलून ठेवा की वळणात त्याने तुम्हाला काहीही विचारू नये आणि तुमचा वेग किंवा कल वेगळा वाटला तर मात्र मोठ्याने सांगावे. त्याचाही जीव त्याच विमानात असतो.

घाटात वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला हवा खाली खेचते, म्हणून कड्याच्या दिशेने जाताना वळून परत येण्याइतकी जागा नेहमी राखावी. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. ओझरची धावपट्टी सुमारे ६०० मीटर, म्हणजे जवळपास दोन हजार फूट उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर असताना विमानाला ती हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ भासते. पूर्ण टाकी, दोन माणसे आणि जड कॅमेरा घेऊन छोटे इंजिन तेव्हा फार संथ चढते. चढाईचा तक्ता रोज काढा, कालचा वापरू नका.

कराराबद्दल. पगार उडालेल्या तासांवर आहे की महिन्याला ठरावीक आहे, हे सर्वांत आधी विचारा. तासांवर असेल तर धुरकट दिवशी नकार देण्याची किंमत तुमच्याच खिशातून जाते, आणि तरुण वैमानिकावर तो दबाव असू नये असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्याचे चार महिने निश्चित रक्कम मिळेल हे लेखी घ्या. विमानाच्या पोटाला कॅमेऱ्यासाठी पाडलेले भोक मंजूर फेरबदलाप्रमाणे आहे का, त्याचे कागद पाहायला मागा. वजन आणि समतोलाचा तक्ता कॅमेऱ्यासह नव्याने काढलेला आहे का, तेही पाहा. विम्यात तुमचे नाव वैमानिक म्हणून आहे का, अपघात विमा वेगळा आहे का आणि उड्डाण रद्द करण्याचा अंतिम अधिकार वैमानिकाचा आहे असे कंपनीच्या नियमावलीत लिहिले आहे का, एवढे विचारून घ्या. जी कंपनी या प्रश्नांनी नाराज होते तिच्याकडे जाऊ नका.

मोठ्या विमानाचा रस्ता या कामाने बंद होत नाही. एटीपीएलसाठी (प्रवासी विमानाच्या कॅप्टनला लागणाऱ्या परवान्यासाठी) १५०० तास लागतात आणि इथले तास मुख्य वैमानिक म्हणून नोंदले जातात. मात्र इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणे पाहून उडण्याची पात्रता) चालू ठेवा, कारण आपले सगळे उडणे स्वच्छ हवेतले असते आणि ढगातले कौशल्य वापराविना गंजते. वर्षाला निदान काही तास सिम्युलेटरसाठी स्वतःच्या पैशातून काढून ठेवावेत.

पाथर्डी फाटा

कंपनीला काल पत्र पाठवले. फेरबदलाचे कागद आणि विम्याची प्रत त्यांनी लगेच पाठवली. उड्डाण रद्द करण्याचा अधिकार वैमानिकाचाच असल्याचे त्यांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेले आहे. पावसाळ्यातील रकमेबद्दल मात्र सोमवारी कळवतो म्हणाले आहेत, आणि ते लेखी येईपर्यंत मी सही करणार नाही. कळसूबाई, साल्हेर आणि ब्रह्मगिरी यांच्या उंचीची यादी मी करून ठेवली आहे; बाकीच्या शिखरांसाठी बाबा स्वतः नकाशा घेऊन बसले आहेत.